अठ्ठेचाळीस नंबरचा स्टिकर

१

बोक्याचं डोकं कटिंग मशीनच्या पाट्यावर होतं आणि ओठांवर स्टिकर चिकटवलेला होता. डोकं म्हणण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मशीनचाच लोखंडी दांडा उपसून कोणीतरी ते फोडलं होतं. एकदा नाही, डॉक्टरांच्या अंदाजाने निदान सात वेळा. रक्त पाट्यावरून ओघळून खालच्या कोऱ्या कागदांच्या रिमांमध्ये मुरलं होतं. तोंडावर मात्र एकही घाव नव्हता, आणि त्यावरचा तो चौकोनी कागद एक सुरकुती पडू न देता नीट बसवला होता.

स्टिकरवर टूथपेस्टची ट्यूब होती. तिच्यातून पेस्टऐवजी दात बाहेर पडत होते. खाली लिहिलं होतं: ‘दातपाड टूथपेस्ट. आठ दिवसांत तोंड मोकळं!’

हवालदार वाकून बघत म्हणाला, “मॅडम, ही कुठली कंपनी?”

“कंपनी नाही. सतरा नंबर,” मी म्हटलं, आणि मग जीभ चावली.

पोलिसात पंचवीस वर्षं काढल्यावर प्रेताकडे सरळ बघता येतं. पण त्या दातांकडे बघवेना. चाळीस वर्षांपूर्वी याच छापखान्यात, याच खिडकीखाली, चार मुलं असले स्टिकर घेऊन बसायची. त्यातला एक हा बोका, आता या छापखान्याचा मालक. दुसरा चष्मिस, जो पुढे दातांचा डॉक्टर झाला. तिसरा हत्ती, ज्याचं मटणाचं दुकान आहे. आणि चौथा माझा सख्खा भाऊ.

छापखान्यातल्या बाइंडिंगवाल्या बाईंना तो सकाळी नऊला सापडला. रविवार होता. अकरा वाजता चौघं इथे जमणार होते म्हणून बाई खुर्च्या मांडायला आल्या होत्या. खून शनिवारी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान झालेला. बाई दोनला घरी गेल्या तेव्हा बोका शीळ घालत होता.

मी साहेबांना फोन केला आणि सरळ सांगितलं की संशयितांत माझा भाऊ आहे. साहेब गावाला गेले होते. ते म्हणाले, “मी संध्याकाळी पोहोचतो. पोहोचलो की केस तुझ्या हातातून काढून घेणार. तोवर बघ काय ते.”

म्हणजे मला एक दिवस मिळाला होता. त्या दिवसात मला एकच गोष्ट हवी होती: हे दादाने केलेलं नसावं.

२

त्या काळी बबलगमच्या पाकिटात एक स्टिकर यायचा. गम दगडासारखा असायचा, चघळून जबडा दुखायचा, पण गमसाठी पाकीट घेतोय कोण? आत बाजारातल्या मालाची टर उडवणारं चित्र असायचं. ‘खाजवा साबण’, ज्याने अंघोळ करून माणूस झाडाला पाठ घासतोय. ‘बुरशी ब्रेड’, ज्याला दाढी उगवलीय. आईबाप ज्या वस्तू गंभीर चेहऱ्याने घरात आणायचे त्यांची ही अशी फजिती बघून आम्ही लोळून लोळून हसायचो. पाकिटावर ‘अठ्ठेचाळीसचा संच’ असं छापलेलं असायचं. सत्तेचाळीस सगळ्यांना मिळाले. अठ्ठेचाळिसावा कोणालाच कधी मिळाला नाही.

टोळीचा अल्बम एकच होता. त्याचे कायदे मात्र देशाच्या कायद्याहून कडक होते. अल्बम टोळीचा, कोणा एकाचा नाही. तो छापखान्याच्या फळीवरून हलवायचा नाही, घरी न्यायचा नाही. एकदा चिकटवलेला स्टिकर उचकटायचा नाही, पान फाडायचं नाही. आणि अल्बमात डबल लावायचा नाही. डबल पत्र्याच्या डब्यात. कायदा मोडणारा कायमचा बाहेर.

स्टिकरचा मागचा कागद सोडवण्यावरूनही मारामाऱ्या व्हायच्या. बोक्याने त्यासाठी अंगठ्याचं नख वाढवलं होतं. चष्मिस बापाच्या दाढीचं पातं वापरायचा. हत्ती जिभेने चाटून चाटून कागदाचा लगदा करायचा. दादा नखं कुरतडायचा, बोटांना नख म्हणून नव्हतंच, म्हणून तो कोपरा दाताने धरून सोडवायचा. मी टोळीत नव्हते. मी आठ वर्षांची, दादापेक्षा पाच वर्षांनी धाकटी. मला सगळे ‘शेपूट’ म्हणायचे आणि दाराबाहेर बसवायचे. बोका म्हणायचा, “अठ्ठेचाळीस नंबर घेऊन ये, मग घेऊ.”

मग एक दिवस अठ्ठेचाळीस नंबर आला.

आमचे वडील केस वाढवण्याचं टॉनिक बनवायचे. घरच्या मागच्या खोलीत कढई, बाटल्या, लेबलं. लेबलावर त्यांचाच फोटो, दाट कुरळ्या केसांचा. ते केस विगाचे होते, हे घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हतं. अठ्ठेचाळीस नंबरवर तीच बाटली होती, तोच फोटो होता, फक्त डोकं अंड्यासारखं चकचकीत आणि विग बुचावर टांगलेला. ‘टकलू टॉनिक. आम्ही वापरलं, तुम्ही सुटला!’

बोक्याने बापाच्या मशीनवर त्याच्या दोनशे प्रती मारल्या आणि पहिली अल्बमच्या शेवटच्या चौकोनात चिकटवली. दुसऱ्या दिवशी दिव्याचा एक खांब सुटला नाही. तिसऱ्या दिवशी भर बाजारात एका टवाळाने वडिलांच्या डोक्यावरून विग खेचला आणि सगळा बाजार हसला. वडील घरी आले आणि त्यांनी विचारलं, “विगाचं बाहेर कोण बोललं?” दादाने कबूल केलं की त्याने बोक्याला सांगितलं होतं. वडिलांनी कमरेचा पट्टा काढला. बकलाने दादाचा वरचा पुढचा दात अर्धा उडवला आणि त्यानंतरही पट्टा थांबला नाही. मी दाराआड उभी होते. जमिनीवर रक्तात पडलेला दाताचा तुकडा मला दिसत होता.

टॉनिक बुडालं. वडील त्यानंतर तीन वर्षं घराबाहेर पडले नाहीत, आणि पडले ते चौघांच्या खांद्यावरून. दादा बोक्याशी मग कधी मनापासून बोलला नाही. चित्र कोणी काढलं हे कोणी विचारलंच नाही. टोळीत चित्र काढता येणारा बोका एकटाच होता.

मी छापखान्यात हे आठवत उभी होते, तेवढ्यात हवालदार धावत आला. “मॅडम, तो मटणवाला दाताच्या डॉक्टरला मारतोय. सुरा आहे त्याच्या हातात!”

३

चष्मिसच्या दवाखान्याच्या दाराची काच फुटलेली होती. आत हत्तीने त्याला दाताच्या खुर्चीत दाबून धरलं होतं, गुडघा छातीवर आणि डावा हात गळ्यावर. चष्म्याचा चुरा झाला होता. चष्मिसच्या तोंडातून रक्त वाहत होतं आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे दात काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे दोन दात फरशीवर पडले होते. हत्तीच्या उजव्या हातातला सुरा चष्मिसच्या कानाला टेकलेला होता.

“बोक्याच्या तोंडावर सतरा नंबर होता, बाईंनी सांगितलं मला! तो याचाच!” हत्ती ओरडत होता. “याचा बापही दात उपटायचा, आम्ही यालाच दातपाड्या म्हणायचो! अल्बम पाहिजे होता ना तुला? घे अल्बम!”

समजावत बसायची ही वेळ नव्हती. मी दंडुका त्याच्या मनगटावर घातला, हाड वाजलं, सुरा पडला. तरी तो वळून माझ्या अंगावर आला. मी दुसरा फटका गुडघ्यावर घातला तेव्हा तो सव्वाशे किलोचा देह भिंतीवर आपटून खाली बसला आणि हमसून रडायला लागला.

“शनिवारी तीन ते पाच कुठे होतास?” मी विचारलं.

“दुकानात. गिऱ्हाइकांना विचार. पाच वाजेपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती.” त्याने शर्टाला नाक पुसलं. “शेपटे, त्याने मला शुक्रवारी फोन केला होता. म्हणाला, हत्ती, आपल्या अल्बमचं पुस्तक छापतोय, सगळ्या पानांचं. शेवटच्या पानावर गंमत आहे, रविवारी दाखवतो. पोरासारखा बोलत होता गं!”

त्याच्या गिऱ्हाइकांना हवालदाराने विचारून घेतलं. हत्ती खरं बोलत होता. मी चष्मिसकडे वळले. तो तोंडात बोळा धरून बसला होता.

“अल्बमवरून तुमचं भांडण झालं होतं?”

“झालं होतं,” तो बोळ्यातून बोलला. “मी म्हटलं, टोळी आता राहिली कुठे, अल्बम मला दे, मी जपून ठेवतो. तो म्हणाला, टोळीचा आहे, हलणार नाही. मी शनिवारी चारला गेलो होतो त्याची माफी मागायला. दार आतून बंद होतं.”

“मग?”

“मी वाजवलं. कोणी उघडलं नाही. पण आत कोणीतरी होतं.” त्याने बोळा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “आत कोणीतरी रडत होतं. मोठ्याने. पुरुषाचा आवाज. मला वाटलं, बोकाच जुने स्टिकर काढून बसलाय. माझेही डोळे भरून आले, म्हणून मी तसाच परतलो.”

प्रेत तपासलेल्या डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे दोन-तीन घावांनंतर बोका रडायला शुद्धीवरच नसणार. म्हणजे रडत होता तो मारणारा.

४

मी छापखान्यात परतले. प्रेत नेलं होतं. मागे राहिला होता तो धुमाकूळ. कपाट उलथं पाडलेलं, शाईचे डबे भिंतीवर फेकलेले, कागदाचे गठ्ठे लाथाडलेले, घड्याळसुद्धा खाली ओढून फोडलेलं. डबलचा पत्र्याचा डबा टेबलावर पालथा होता आणि त्यातले शेदोनशे स्टिकर जमिनीभर पसरलेले.

एकच वस्तू जागेवर होती. खिडकीजवळच्या फळीवर तो जाडा अल्बम होता, कडेला कड लावून सरळ ठेवलेला. फळीवर लाल बोटांचे पुसट डाग होते. म्हणजे खून झाल्यावर कोणीतरी अल्बम हातात घेतला होता आणि परत ठेवला होता.

आता चोर असता तर अल्बम घेऊन गेला असता. असल्या संचाला वेडे लोक काहीही देतात. नुसता माथेफिरू असता तर त्याने तो फाडला असता. इथे माणसाचं डोकं फोडणाऱ्या हाताला अल्बम फाडवला नव्हता, नेववलाही नव्हता. टोळीचा कायदा पाळणारा खुनी होता हा. जगात असे तीनच लोक उरले होते, आणि त्यातला एक मटण तोलत होता.

हातमोजे घालून मी पानं उलटायला लागले. एक, दोन, तीन... प्रत्येक पानाला तो गोडसर गमचा वास अजून होता. नऊ नंबर: बुरशी ब्रेड. सतरा नंबर: दातपाड, जागच्या जागी. म्हणजे बोक्याच्या ओठांवरचा डब्यातला डबल होता. मी शेवटच्या पानावर आले.

अठ्ठेचाळीस नंबरच्या चौकोनात वडिलांचं टक्कल नव्हतं. तिथे बुरशी ब्रेड होता.

बुरशी ब्रेड मागे नऊवर आहेच. अल्बमात डबल! चाळीस वर्षांत हे कोणी केलं नसतं. मी बोट फिरवलं. तिथला कागद शेजारच्यांपेक्षा जाड लागला. पान दिव्यासमोर धरलं तेव्हा दाढीवाल्या ब्रेडच्या आत एका बाटलीची सावली दिसली.

उचकटायचं नाही, फाडायचं नाही, न्यायचं नाही. कायद्यात झाकायचं नाही असं कुठे म्हटलं नव्हतं. कोणीतरी ते चित्र झाकलं होतं.

मी अल्बम मिटला तेव्हा पानांमधून एक कागद गळून पडला. स्टिकरचा मागचा कागद, मेणचट, पिवळा. घाईत आतच राहिलेला. तो ना नखाने सोडवलेला होता, ना पात्याने कापलेला, ना चाटून भिजवलेला. त्याचा एक कोपरा चावलेला होता.

५

चष्मिसच्या ओठाला टाके घातले होते. मी प्लास्टिकच्या पिशवीतला तो कागद त्याच्या दिव्याखाली धरला.

“दातांच्या खुणा आहेत,” मी म्हटलं. “काय दिसतं?”

त्याने जुना चष्मा शोधून लावला. भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. वरच्या ओळीच्या खुणा सारख्या उमटल्या होत्या, फक्त मधल्या एका दाताची खूण नव्हतीच. तिथे कागद गुळगुळीत राहिला होता. तो दात शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतच नव्हता.

चष्मिसने भिंग खाली ठेवलं आणि दिवा बंद केला.

“बोल ना,” मी म्हटलं.

“तीस वर्षं मी त्याच्या मागे लागलोय की ये, फुकट टोपी बसवून देतो. तो म्हणतो, राहू दे, आठवण आहे.” मग तो एकदम चिडला. “तुला माहितीये, शेपटे! मग मला कशाला विचारतेस? माझ्या तोंडून वदवून घ्यायला?”

खरं होतं त्याचं. कागद गळून पडला तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी इथे आले होते, कारण हा माणूस दातांतला जाणकार होता आणि त्याने ‘नाही, हा दुसराच कोणी’ म्हटलं असतं तर मी ते देवाच्या शब्दासारखं मानलं असतं. त्याचे दोन दात पाडलेला मित्र लॉकअपमध्ये होता, एक मित्र शवागारात, आणि आता तिसरा जाणार होता. तो डोकं धरून बसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आले.

दाराशी छापखान्याच्या बाइंडिंगवाल्या बाई उभ्या होत्या. धापा टाकत होत्या.

“मॅडम, कॉम्प्युटर फोडलेला नाही त्याने. पुस्तकाची फाइल आहे त्यात. शेवटच्या पानाची पण. तुम्ही बघाच.”

६

बाईंनी पान उघडलं. पडद्यावर टकलू टॉनिक आलं, मोठं, स्वच्छ. बुचावर टांगलेला विग. विगाच्या आतल्या शिवणीत खोचलेल्या दोन केसपिना. त्या पिना आईच्या होत्या. वडील विग काढून न्हाणीघराच्या खिळ्यावर ठेवायचे तेव्हाच त्या दिसायच्या. दादाने बोक्याला विगाचं सांगितलं असेल. पिनांचं सांगितलं नव्हतं, कारण दादाचं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

लक्ष माझं गेलं होतं.

चित्राखाली बोक्याने दोन ओळी टाकल्या होत्या.

‘नंबर ४८. चित्र आणि कल्पना: शेपूट, वय वर्षं आठ. टोळीत घ्यायला चाळीस वर्षं उशीर झाला, माफी असावी.’

बाईंनी विचारलं, “हे शेपूट कोण, मॅडम?”

मी खुर्चीत बसले.

हो, मीच काढलं होतं ते. त्यांनी अठ्ठेचाळीस नंबर मागितला, मी बनवून आणला. एका दुपारी बोका एकटा होता तेव्हा त्याला दाखवला. तो हसता हसता खुर्चीवरून पडला. मग म्हणाला, “हे तू काढलंस असं कोणाला सांगू नकोस, तुझा बाप तुला सोलेल. मीही सांगणार नाही. शप्पथ.” आणि बाजारात वडिलांचा विग उडाला, दादाचा दात उडाला, आणि मी दाराआड उभी राहून तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर कधीच नाही. सगळ्यांनी बोक्याला धरलं आणि बोक्याने धरू दिलं.

गुरुवारी त्याचा मला फोन आला होता. “शेपटे, रविवारी ये. तुला काहीतरी विचारायचंय, तू हो म्हणालीस तरच छापीन.” मी एका दरोड्याच्या पंचनाम्यात होते. “नंतर बोलते,” म्हणून मी फोन कापला होता.

मी पान बंद केलं. ते पुसून टाकायला एक बटण पुरेसं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या.

“याची एक प्रत काढा,” मी म्हटलं. “पंचनाम्याला जोडायचीय.”

७

दादा गाडी चालवायला शिकवतो. मैदानात पिवळे शंकू मांडलेले होते आणि एका आजीबाईंकडून तो गाडी मागे घ्यायचा सराव करून घेत होता. इतका शांत शिक्षक गावात दुसरा नाही, असं सगळे म्हणतात. मला बघून त्याने मान हलवली आणि बोटाने खूण केली, थांब. आजीबाईंची गाडी शंकूंच्या मध्ये उभी राहीपर्यंत मी थांबले. तो त्यांना म्हणाला, “छान जमतंय, आजी,” आणि माझ्याकडे आला.

मी पिशवीतला कागद दाखवला. त्याने तो बघितला आणि त्याची जीभ आपोआप त्या अर्ध्या दाताकडे गेली.

“आत राहिला होय,” तो म्हणाला. “मी तो शोधत होतो.”

“कशाला, दादा?”

“शनिवारी त्याने मला एकट्याला बोलावलं. म्हणाला, रविवारी सगळ्यांसमोर बघण्याआधी तू बघ, तुला वाईट वाटायला नको. आणि अल्बमचं शेवटचं पान उघडलं.” दादाचा आवाज एकसुरी होता, गाडीचे गिअर समजावतो तसा. “मी म्हटलं, हे छापू नकोस. हात जोडले, चिमे. तो म्हणाला, अरे चाळीस वर्षं झाली, आता हसायला काय हरकत आहे? हसायला! मी म्हटलं, तू काढलंस आणि माझा बाप मेला. तो म्हणाला, मी नाही काढलं. मी म्हटलं, मग कोणी? तर गप्प. दांडा हाताशी होता.”

“सात वेळा?”

“तो बोलायचा थांबत नव्हता. ‘मी नाही काढलं, मी नाही काढलं.’ पडल्यावरही मला ऐकू येत होतं. म्हणून तोंडावर स्टिकर लावला, हाताला आला तो. मग अल्बम पुन्हा काढला. ते पान फाडणार होतो.” त्याने हात पुढे केले. बोटांना अजूनही नखं नव्हती. “नाही फाडवलं. टोळीचं होतं ना.”

मी बेड्या घातल्या. आजीबाई गाडीच्या काचेतून आ वासून बघत होत्या.

८

ठाण्याच्या खोलीत लोखंडी टेबल आहे, जमिनीला बोल्ट मारलेलं. दादाची एक बेडी त्याच्या कडीला अडकवली होती. साहेब यायला तासभर होता. जबाब लिहून झाला होता, सही झाली होती. हवालदार दाराबाहेर होता.

दादा शांत होता. खूप दिवसांचं ओझं उतरवलेल्या माणसासारखा. “फाशी होईल का?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाला, “होऊ दे. पण एक राहिलं बघ. मरेपर्यंत कबूल केलं नाही त्याने. खोटारडा तो खोटारडाच. नाही का?”

मी ‘हो’ म्हणू शकले असते. तेवढ्यावर त्याला झोप लागली असती, पुढची जितकी वर्षं असतील तितकी. चाळीस वर्षं मी गप्प बसण्यात पटाईत झाले होते. पण त्या माणसाचं डोकं माझ्यासाठी फुटलं होतं, आणि ते फुटत असताना माझं नाव घ्यायला त्याला एक क्षण पुरला असता.

“तो खोटं बोलत नव्हता, दादा,” मी म्हटलं. “ते चित्र मी काढलं होतं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं: अठ्ठेचाळीस नंबर, आईच्या पिना, बोक्याची शप्पथ, गुरुवारचा फोन. त्याच्यासमोर पानाची प्रत ठेवली. त्याने त्या दोन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

“त्याला माहीत होतं?” तो म्हणाला.

“हो.”

“मी मारत असताना?”

“हो.”

मला वाटलं, तो माझा गळा धरेल. धरायला हवा होता. मी टेबलाजवळ उभीच होते त्यासाठी. पण त्याने मान मागे नेली आणि कपाळ सगळ्या ताकदीने लोखंडावर आपटलं. आवाज असा आला की बाहेर हवालदाराची खुर्ची पडली. कपाळ फुटलं, रक्त नाकावर आलं, आणि त्याने मान पुन्हा मागे नेली. मी त्याचे खांदे धरले, पण गाडीच्या स्टिअरिंगवर तीस वर्षं घालवलेले ते खांदे मला आवरेनात. दुसऱ्यांदा आपटलं. तो ओरडत नव्हता. तो फक्त एकेक घाव घालत होता.

तिसऱ्या वेळी मी माझा उजवा हात त्याच्या कपाळाखाली सारला. लोखंड आणि त्याचं डोकं यांच्या मधे माझी बोटं आली आणि दोन मोडली, ते मला आवाजावरून कळलं. त्याने मान वर केली, पुन्हा आपटली. हवालदार आत येऊन त्याला मागे खेचत होता आणि मला ओरडून सांगत होता, “मॅडम, हात काढा! हात काढा!”

मी हात काढला नाही.